पांढऱ्यावर सही

सिरिल बॉटम्लींनी चहा ढवळला आणि आजीचा चेहरा खर्रकन उतरला.

तसं भयंकर काही घडलं नव्हतं. पण आयलर्सांच्या घरातच काय, उत्तर जर्मनीतल्या समुद्रबांधाच्या अलीकडच्या त्या अख्ख्या मुलखात चहा कोणी ढवळत नाही. तळाशी खडीसाखर, तिच्यावर कढत चहा, मग कपाच्या कडेकडेने अलगद सोडलेली साय. तिचा ढग फुलून वर येताना बघत बसायचं आणि मग आधी साय, मग कडू, मग गोड असं घोटाघोटाने तळाला पोचायचं. या पाहुण्याने चमचा घातला, गरागरा फिरवला, ढगाचा पार चिखल केला, आणि वर चमचा कपातच राहू दिला! कपात चमचा म्हणजे 'पुरे, आता ओतू नका.' आजीने बिचारीने किटली खाली ठेवली.

"एकाच कपावर उठणार?" ती इम्केच्या कानाशी लागली. "आवडला नाही का गं त्यांना?"

"आजी, ते इंग्रज आहेत. त्यांना माहीत नसतं."

"इंग्रजांना चहा माहीत नसतो?"

इम्केने हसू दाबत पाहुण्यांचा चमचा हळूच उचलून बशीत ठेवला. आजीने लगेच दुसरा कप भरला. बॉटम्लींनी मान लववून जर्मनमध्ये म्हटलं, "बटाटे. छान. लवकर."

टेबलाभोवती सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"त्यांना जर्मन एवढंच येतं," इम्के घाईघाईने म्हणाली. "म्हणजे… आभार मानतायत ते."

ते जर्मन ते कुठे शिकले, हे मात्र तिने सांगितलं नाही. हे गृहस्थ कोण, ते सबंध घरात फक्त तिला आणि आजीला ठाऊक होतं. आजीला सांगणं भागच होतं, कारण जास्तीचा कप कपाटातून तीच काढणार होती.

आज आजोबांचा सत्तरावा वाढदिवस. इम्केची आई विल्हेल्म्सहाफेनच्या इस्पितळात पाळीवर अडकली होती, बाकी सगळे हजर होते. खिडकीपाशी आजोबा, ओन्नो आयलर्स, तीस वर्षं बांधावर मेंढ्या राखून चेहऱ्याचं चामडं झालेले. त्यांच्या उजव्या हाताला इम्केचे पप्पा, गेरोल्ड. डाव्या हाताला ब्रेमेनहून आलेली हिल्के आत्या. ती शाळेत इतिहास शिकवायची, आणि नाताळातल्या त्या भांडणानंतर पप्पांशी फक्त 'लोणी दे' आणि 'दार लाव' एवढंच बोलत होती. मधोमध केक. आणि केकला टेकवून, सगळ्यांना दिसेल असा, फोटो.

तो फोटो! इम्केने तो हजारदा पाहिला असेल, तरी दर वेळी तिची नजर त्यावरच खिळायची. सत्तावीस वर्षांचे आजोबा. मिट्ट रात्र, मिट्ट काळं विमान, अंगात काळा कोट. एका हाताने त्यांनी विमानाच्या शेपटीला स्पर्श केलाय, घोड्याच्या मानेवर हात ठेवावा तसा. गळ्याशी शौर्याचा तो क्रॉस, जो तेव्हाही फार थोड्यांना मिळायचा. आणि शेपटीवर, एकाखाली एक, चोवीस पांढऱ्या पट्ट्या. पाडलेल्या दर विमानामागे एक. त्यांच्या वर नाझींचं ते चिन्ह होतं, त्यावर पप्पांनी कागदाची करडी चकती चिकटवली होती. सगळे संग्राहक तसंच करतात. उघडं ठेवलं तर गुन्हा.

बापलेकीचा हा नाद गावात सगळ्यांना माहीत होता. युद्धातल्या पदकवाल्या वैमानिकांना पत्र लिहायचं, फोटो घालायचा, परतीचं पाकीट तिकीट लावून सोबत द्यायचं आणि पोस्टमनची वाट बघत फाटकावर झुलायचं. पप्पांनी तिला एकेक गोष्ट शिकवली होती. बॉलपेन नको, फोटोवर चरा उठतो. एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त सह्या मागायच्या नाहीत, हावरटपणा दिसतो. आणि सगळ्यात मोठा नियम, सही नेहमी पांढऱ्यावर घ्यायची. आकाश, ढग, शर्टाची कॉलर, जे उजळ असेल त्यावर. काळ्यावर काळी शाई गडप होते. इम्केच्या अल्बममध्ये एकोणतीस वैमानिक होते. कुणाची सही भरारी घेतल्यासारखी तिरपी, कुणाची मुंग्यांच्या रांगेसारखी. हे हात तेव्हा विमानाच्या दांड्यावर होते आणि आता ही शाई माझ्या मांडीवर आहे, या विचाराने तिच्या अंगावर दर वेळी काटा यायचा.

एक पान मात्र रिकामं होतं. स्वतःच्या आजोबांचं! नाताळात मागितली, "बघू." ईस्टरला मागितली, "मेंढ्या आत घ्यायच्यात." आणि आताशा त्यांचा हात थरथरू लागला होता, चहाचा कप बशीवर किणकिणायचा. आज नाही तर मग कदाचित कधीच नाही.

म्हणून तर तिने हा बेत रचला होता. इंग्लंडच्या जुन्या विमानवाल्यांच्या मासिकाला तिने शाळेतल्या इंग्रजीत पत्र पाठवलं, अमुक रात्री आमच्या किनाऱ्यावर पडलेल्या विमानातलं कुणी आहे का? आणि हॅलिफॅक्स गावच्या एका निवृत्त बसचालकाचं उत्तर आलं. दोन्ही बाजूंच्या सह्या एकाच फोटोवर! पप्पांकडेसुद्धा असं काही नव्हतं. मनातल्या मनात ती आधी दोघांचं हस्तांदोलन बघत होती, मग पेन, मग टाळ्या. तिच्या डोक्यात सगळं अगदी तालीम झाल्यासारखं बसलं होतं.

पप्पांनी फोटो आजोबांपुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"बाबा, आज नाही म्हणू नका. पाहुणे एवढ्या लांबून आलेत. तेही आपल्यातलेच असणार, संग्राहक. हो ना गं, इम्के?"

"कागदाची चकती छान बसलीय," हिल्के आत्या केक कापता कापता म्हणाली. "चिन्ह झाकलं की काम झालं, नाही का रे गेरोल्ड?"

"अगं वाढदिवस आहे, हिल्के."

"मग केक ठेवा मध्ये. हे कशाला?"

"हे म्हणजे तुझे वडील आहेत!"

"तेच तर म्हणतेय मी."

"फ्राउके," आजोबा आजीला म्हणाले, "चहा ओत." भांडण थांबवायची त्यांची हीच रीत. आजीने ओतला.

तेवढ्यात बॉटम्ली खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांनी चष्मा बदलला, टेबलावर ओणवे झाले आणि फोटोकडे बघत राहिले. एवढा वेळ बघत राहिले की पप्पांनी कौतुकाने हसायला सुरुवात केली होती, ते हसू तसंच अर्धवट राहिलं. मग बॉटम्ली इम्केकडे वळून हळू आवाजात काहीतरी म्हणाले.

इम्केच्या तालमीत हे वाक्य नव्हतं.

"काय म्हणतात?" पप्पा म्हणाले. "छपाई कुठली विचारतायत का?"

"ते विचारतायत…" ती आजोबांकडे बघू शकेना, म्हणून साखरेच्या भांड्याकडे बघत बोलली. "ते विचारतायत, यातली आमची कोणती?"

आत्याच्या हातातली सुरी केकमध्येच उभी राहिली.

आजोबांनी पाहुण्याकडे पाहिलं. मग त्यांचं बोट उठलं. थरथरत उठलं, पण गेलं ते सरळ एका पट्टीवर. वरून मोजलं नाही, खालून मोजलं नाही. अंधारात आपल्या घराची कडी सापडावी तसं ते बोट तिथे टेकलं.

"अकरावी," ते म्हणाले.

इम्केला एकदम जाणवलं की या पट्ट्या तिने हजारदा पाहिल्या होत्या, पण पाहिल्या नव्हत्याच.

"तुला माहीत होतं?" आत्या तिच्याकडे वळली. "सत्तर वर्षांच्या माणसाला वाढदिवसाच्या दिवशी असं गाठतात? मी इतकी वर्षं भांडते, पण हे… हे मीसुद्धा केलं नसतं!"

"मला वाटलं, त्यांना आनंद होईल," इम्के पुटपुटली.

"तिला ओरडू नकोस," आजी म्हणाली. "कप मी काढून दिला."

"आई, तू?"

"हो, मी. बेचाळीस वर्षं हा माणूस मे महिना आला की बांधावर जाऊन चिखलाकडे बघत बसतो. म्हटलं, बघू तरी कोण आहे चिखलात."

बॉटम्लींना शब्द कळले नव्हते, पण आवाज कळले होते. ते इम्केला म्हणाले, "पोरी, मी भांडायला आलेलो नाही, एवढं सांग त्यांना. मी शेपटीतला तोफवाला होतो. मी तुझ्या आजोबांना बघितलंसुद्धा नाही. ते खालून आले."

इम्केने सांगितलं.

"खालून," आजोबांनी मान हलवली. "खाली तुमच्याकडे खिडकी नसायची. पंखात मारायचो मी, टाकीवर. पंखात मारलं की आतल्यांना उडी मारायला वेळ मिळतो." ते थांबले. "मिळतो, असं मी धरून चाललो होतो. विचार त्यांना. मिळाला का वेळ?"

हे वाक्य इंग्रजीत नेताना इम्केची जीभ दोनदा अडखळली. बॉटम्लींनी कप दोन्ही हातांत धरला.

"मला मिळाला," ते म्हणाले.

बस, एवढंच. मग चहाचा घोट घेऊन ते पुढे बोलले, आणि इम्के एकेक वाक्य उचलून टेबलावर ठेवत गेली. शेपटीतला तोफेचा फिरता घुमट वळवून ते पॅराशूटसह पाठमोरे बाहेर पडले होते. एक बूट वरच अडकून राहिला. खाली अंधार, आणि पाणी असेल असं वाटलेलं, पण ओहोटी होती. कमरेपर्यंत चिखलात रुतले. आकाशात त्यांचं विमान अजून जळत चाललं होतं, आणि चिखल एवढा गुळगुळीत की त्यात दुसरं विमान उलटं जळत चाललं होतं. "मी दोन्हीच्या मधे उभा होतो," ते म्हणाले, "एका पायात मोजा." मग भरती वर चढू लागली. छातीशी पाणी आलं तेव्हा अंधारातून एक म्हातारा कोळी आला, चिखलावरून लाकडी घसरगाडी एका पायाने ढकलत. कोळंबीच्या टोपल्या त्याने पाण्यात लोटल्या आणि त्यांच्या जागी यांना घातलं. वाटेत तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. पुढे युद्धकैद्यांच्या छावणीत 'बटाटे, छान, लवकर' एवढं जर्मन कळलं, पण त्या वाक्याचा अर्थ बॉटम्लींना आजवर कळलेला नव्हता.

"काय म्हणायचा?" आजीने विचारलं.

बॉटम्लींनी ते बेचाळीस वर्षं सांभाळलेले आवाज जसेच्या तसे काढले. आजी तोंडावर हात ठेवून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"आमच्या इकडची बोली आहे. 'हलू नकोस रे बाळा, कोळंबी गेली तर गेली.'"

इम्केने ते सांगितल्यावर तो उंचापुरा बसचालक खिडकीबाहेर बघू लागला. गवतावर मेंढ्या चरत होत्या. इम्केला वाटलं, आपण एखाद्या प्रचंड मोठ्या देवळात आहोत आणि त्याचं छप्पर आत्ताच कुणीतरी काढून घेतलंय.

"बाकीचे?" आजोबांनी विचारलं.

"सहा जण," बॉटम्ली म्हणाले. "जॅक ऑर्मरॉड चालवत होता. डेन्झिल पास्को नकाशे बघायचा, त्याला विमान लागायचं, रोज ओकायचा आणि रोज यायचा. आर्ची रेनी. टेड लम्ली, त्याचं लग्न ठरलं होतं. दोघे कॅनडाचे, फ्लेचर आणि छोटा गॅग्नन. तो एकोणीसचा होता, मिशी येत नाही म्हणून काजळ लावायचा."

एकेका नावावर आजोबांचे ओठ हलत होते. त्या परक्या नावांचे उच्चार त्यांना नीट जमत नव्हते, तरी ते म्हणत होते.

"मला रात्र माहीत होती," ते म्हणाले. "वारा माहीत होता. नावं नव्हती माहीत."

"पंखात मारायचात म्हणून तुम्हाला बरं वाटायचं, बाबा?" हिल्के आत्याने विचारलं. पण आज तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

"वाटायचं. तेवढ्यावर झोप यायची." आजोबा तिच्याकडे वळले. "हे लोक आपल्या गावांवर बॉम्ब टाकत होते, हिल्के, ते खरं. एम्डेन शहर जळताना मी वरून पाहिलंय. पण मी ज्यांच्यासाठी उडत होतो, ते त्या चकतीखाली आहेत. तेही खरं. गेरोल्डने ते झाकलं. मी तर फोटोच कपाटात टाकला होता. आम्ही दोघे सारखेच."

पप्पांनी पेनाचं टोपण नुसतंच लावलं आणि काढलं.

"इम्के," आजोबा म्हणाले. "नाताळात तू मला सही कुठे करायला सांगितलीस, आठवतं?"

तिला आठवत होतं. अगदी लख्ख आठवत होतं, आणि तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पप्पांनी फोटो हौसेने पांढऱ्या कडा न सोडता मोठा करून घेतला होता. सगळीकडे काळं. चेहऱ्यावर तर कुणी सही करत नाही. तिने बोट ठेवून, मोठ्या शहाणपणाने, जागा दाखवली होती.

"पांढऱ्यावर," ती म्हणाली.

"पांढऱ्यावर." आजोबा रागावलेले नव्हते, तेच तिला सहन होईना. "एकेका पट्टीत सात माणसं असायची, बाळा. मी त्यांच्या अंगावर नाव कसं लिहू?"

"काय म्हणाले?" बॉटम्लींनी विचारलं.

आता स्वतःचीच चूक परक्या भाषेत सांगायची! इम्केने क्षणभर डोळे मिटले आणि सांगितली, काही गाळलं नाही. सही उजेडावर घ्यायचा नियम, तिने दाखवलेली जागा, आजोबांचं उत्तर, सगळं.

बॉटम्लींनी ऐकून घेतलं. मग पप्पांपुढे हात केला. पप्पांनी काही न कळता पेन त्यांच्या हातात दिलं.

"अकरावीवर मी करतो," ते म्हणाले. "ती माझीच तर आहे."

ते ओणवे झाले. पट्टी बोटाच्या पेराएवढी. बसचालकाच्या जाडजूड बोटांनी त्यांनी तिच्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'सि. बॉटम्ली', शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि सरळ झाले.

"बाकीचे सहा मावत नाहीत," ते म्हणाले. "विमानातही मावत नव्हतो म्हणा."

हसावं की नाही ते कुणाला कळेना. आधी आजोबा हसले, खोकल्यासारखं, खोल. मग पाहुणे. हस्तांदोलन झालंच नाही. आजोबांनी आपली खुर्ची थोडी सरकवून जागा केली, आणि बॉटम्ली आपली खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी खिडकीपाशी बसले.

"मी हे आत ठेवून देतो," पप्पा फोटो उचलत म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "भिंतीवर लावायची गोष्ट नाहीये ही. माझंच चुकत होतं."

"ठेव खाली," हिल्के आत्या म्हणाली.

"काय?"

"भिंतीवरच लावायची. दारासमोर. येणाऱ्या प्रत्येकाने आधी ही पट्टी वाचली पाहिजे."

"तू? तू म्हणतेस लाव? नाताळात तू तो शेकोटीत घालायला निघाली होतीस!"

"आणि तू सोन्याच्या चौकटीत घालायला निघाला होतास. आण इकडे."

दोघं बहीणभाऊ फोटोची एकेक कड धरून उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा प्रत्येकजण दुसऱ्याच्या बाजूने भांडत होता, आणि आजी किटली हातात घेऊन थक्क होऊन बघत होती.

"कुठेच जाणार नाही तो," आजोबा म्हणाले. "इम्केचा आहे. तिच्याकडे द्या."

इम्केने तो दोन्ही हातांनी घेतला. तिला तो जड लागला, खरंच जड. चोवीस पट्ट्यांमध्ये एकच काळी झालेली. उरलेल्या तेवीस तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

"तुला पत्रं लिहिता येतात," आजोबा म्हणाले. "परतीचं पाकीट घालून, गोड बोलून. एकोणतीस म्हाताऱ्यांना बोलतं केलंस, हे पाहुणे इंग्लंडातून ओढून आणलेस. मग यांनाही लिही. प्रत्येक पट्टीतल्या कुणाला तरी."

"पण आजोबा, त्यातलं कुणी… कुणी उरलं नसेल तर?"

"बहिणी असतील. पोरं असतील. टेड लम्लीची ती ठरलेली मुलगी असेल. त्यांना विचार, या पट्टीवर तुमच्या माणसाचं नाव लिहाल का? फोटो त्यांच्याकडे पाठव. परत आला तर आला."

"आणि कुणी रागाने लिहिलं तर? शिव्या दिल्या तर?"

"तर ते मला वाचून दाखवायचं. मोठ्याने. सगळं."

बाहेर हंसांचा थवा बांधावरून ओरडत गेला. इम्केने पेन उचललं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघूनच गेलं.

"आणि तुमची सही?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. फोटोतले तेच डोळे, फक्त आता त्यांना दिसत होतं.

"सगळ्यात शेवटी," ते म्हणाले. "पांढरं उरलं तर."

आजीने सगळ्यांचे कप पुन्हा भरले. बॉटम्लींनी या वेळी ढवळलं नाही, आजोबांकडे बघून सायीचा ढग वर येऊ दिला. इम्के फोटो मांडीवर घेऊन त्या दोघांच्या पायांशी जमिनीवर बसली. एवढी मोठी गोष्ट तिच्या आयुष्यात आजवर आलेली नव्हती. तिने सगळ्यात वरच्या पट्टीखाली नख टेकवलं.

"ही कोणत्या रात्रीची?" तिने विचारलं.

आजोबांना आठवावं लागलं नाही.